डहाणूच्या मुलांना एक कागद द्या

विज्ञानशिक्षणाची चर्चा निघाली की ती हमखास चार मुद्द्यांपाशी येऊन थांबते: प्रयोगशाळा, साहित्य, अनुदान आणि शिक्षकांची रिक्त पदे. हे मुद्दे खोटे नाहीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या उत्तरेकडील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत, पाड्यापाड्यांवर विखुरलेल्या शाळांतून आणि आश्रमशाळांतून काम करणाऱ्या शिक्षकांना या चारही गोष्टींची चणचण रोज जाणवते. परंतु या चर्चेच्या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. जे शिकवायला प्रयोगशाळा लागतच नाही, ते तरी आपण प्रयोगाने शिकवतो का?

बल आणि हवेचा रोध हा असाच एक विषय आहे. वस्तू खाली का पडते, काही वस्तू धपकन का पडतात आणि काही तरंगत का येतात, हे प्रश्न मूल शाळेत येण्यापूर्वीच त्याच्या मनात रुजलेले असतात. त्यांची उत्तरे शोधायला लागते ते एवढेच: कागद, कात्री, दोरा, एखादा खडा आणि उत्तर सांगण्याची घाई नसलेला शिक्षक. यातील पहिल्या चार वस्तू डहाणूच्या बाजारात दहा-वीस रुपयांत मिळतात. पाचवी गोष्ट मात्र विकत मिळत नाही, आणि खरी उणीव तिचीच आहे.

कोसबाडच्या टेकडीचा वारसा

ही गोष्ट डहाणूच्या भूमीत सांगावी लागावी, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे. कारण स्वस्त, स्थानिक आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून शिक्षण कसे उभे राहते, याचा आदर्श देशाला याच तालुक्याने घालून दिला. पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथील वारली वस्तीत रुजले.

ताराबाई गिजुभाई बधेका यांच्या सहवासात माँटेसोरी पद्धतीत तयार झाल्या होत्या. त्या पद्धतीचे साहित्य सुबक खरे, पण महाग. ते वारली पाड्यावर नेणे शक्य नव्हते, आणि नेले असते तरी तेथील मुलांना ते परकेच वाटले असते. म्हणून ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, मणी यांनाच शैक्षणिक साधनांचा दर्जा दिला. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांना गुरे सोडून शाळेत येता येत नाही, तर शाळा कुरणात भरेल, या विचारातून कुरणशाळा आली. अनुताईंनी हे व्रत १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत चालवले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचवला.

कोसबाडचा धडा बालवाडीपुरता नव्हता. मुलाच्या भोवतालातच ज्ञानाचे साहित्य असते, ते ओळखण्याची दृष्टी शिक्षकाला हवी, हा त्याचा गाभा होता. दुर्दैवाने आपण अंगणवाडी हा शब्द घेतला आणि ही दृष्टी बालवाडीच्या उंबरठ्यावरच ठेवून दिली. पाचवी-सहावीच्या वर्गात पाऊल टाकले की तेच मूल शंख-शिंपल्यांच्या जगातून एकदम व्याख्यांच्या जगात येऊन पडते. ‘बल म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर ते पाठ करते, आणि खिडकीबाहेर वाऱ्यावर तरंगत जाणाऱ्या म्हातारीशी त्या उत्तराचा काही संबंध आहे, अशी शंकाही त्याला येत नाही.

जंगलातली प्रयोगशाळा

म्हातारी म्हणजे रुईच्या बोंडातून निघालेले, रेशमी केसांचे बी. महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने ते फुंकर मारून उडवलेले असते. सावरीच्या कापसाचेही तेच. डहाणू-तलासरीच्या रानात असे शिक्षक पुष्कळ आहेत. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात. पळसाची चपटी शेंग टोकाशी एकच बी घेऊन गिरक्या घेत खाली येते. टेटूची तलवारीसारखी शेंग फुटली की तिच्यातून कागदाहून पातळ पंखांच्या बिया बाहेर पडतात आणि तरंगत दूर जातात. झाडाला चालता येत नाही. आपली संतती दूर जावी यासाठी त्याने हवेच्या रोधाचा उपयोग करून घेतला आहे. बी जितके सावकाश पडेल, तितका वाऱ्याला ते वाहून नेण्यास अवधी मिळतो.

वारली मुलाला ही झाडे नावानिशी ठाऊक असतात. शहरातील मुलाला ती चित्रात दाखवावी लागतात. म्हणजे या एका विषयापुरते तरी डहाणूचे मूल मुंबई-पुण्याच्या मुलाच्या चार पावले पुढे आहे. होळीच्या सुमारास रानात गेलेल्या मुलांनी ओंजळभर पंखधारी बिया आणाव्यात आणि वर्गात त्या एकाच उंचीवरून सोडून पाहाव्यात, यासाठी कोणत्या परिपत्रकाची आवश्यकता आहे?

या बियांचीच नक्कल कागदात करता येते. किंबहुना तेच खरे शिक्षण आहे. निसर्गात पाहिलेली गोष्ट हाताने घडवून, बदलून, पुन्हा पाहणे याला विज्ञान म्हणतात. आणि कागद या भूमीला नवा नाही. वारली चित्रकला शतकानुशतके झोपडीच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जात होती. १९७०च्या दशकात ती कागदावर आली आणि डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तिला जगाच्या चित्रदालनांत नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतील माणसे, पाखरे, मासे, जाळी सारे काही हलते आहे असे वाटते. गती टिपणारी ही नजर ज्या समाजाच्या रक्तात आहे, त्याच्या मुलांना गतीचे शास्त्र कठीण जावे, याचा दोष मुलांवर ढकलता येणार नाही.

कागद काय शिकवतो?

प्रयोगांची सुरुवात अगदी साधी असावी. वहीतील दोन सारखे कागद घ्यावेत. एकाचा चुरगळून बोळा करावा, दुसरा तसाच सपाट ठेवावा. सोडण्यापूर्वी मुलांना विचारावे: आधी कोण पडेल? बहुतेक मुले बोळ्याच्या बाजूने कौल देतील. का, असे विचारले तर पुष्कळजण सांगतील, ‘तो जड आहे म्हणून.’ येथेच शिक्षकाने थांबावे. दोन्ही कागद एकाच वहीतले आहेत. चुरगळल्याने वजन वाढले का? तराजू असेल तर तोलून पाहावे, नसेल तर काडीला दोरे बांधून तराजू करावा. वजन तेच आहे. मग फरक कशाने पडला? या प्रश्नापाशी वर्गात जी शांतता पसरते, ती शंभर व्याख्यांहून मोलाची असते.

दुसरा प्रयोग त्याहून चकित करणारा आहे. वहीपेक्षा थोडा लहान कागद वहीवर सपाट ठेवावा, तो कडेबाहेर येता कामा नये. मग वही आडवी धरून सोडावी. कागद मागे रेंगाळत नाही, वहीसोबतच खाली येतो. वही त्याच्यासाठी हवा बाजूला सारते आणि कागदाला वाट मोकळी मिळते. म्हणजे कागदाला सावकाश पाडणारी हवाच होती. मुलांना हवा म्हणजे ‘काही नाही’ असे वाटत असते. वस्तुतः एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा वर्गखोलीतील हवा सुमारे १३० किलोग्रॅम भरते, म्हणजे दोन धडधाकट माणसांइतकी! पडणाऱ्या कागदाला या गर्दीतून वाट काढावी लागते.

हाच प्रयोग हवेविना केला तर काय होईल? १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पिसारा एकाच वेळी सोडला. दोन्ही एकाच वेळी चंद्राच्या भूमीला टेकले. वही आणि कागदाचा प्रयोग करून पाहिलेल्या मुलाला ही घटना सांगितली, तर ती त्याला आपलीच वाटते. न केलेल्या मुलाला ती केवळ आणखी एक परदेशी माहिती असते.

तिसरी पायरी कागदी भिंगरीची. सुमारे २० सें.मी. लांब आणि ५ सें.मी. रुंद पट्टी घ्यावी. वरच्या अर्ध्या भागात मधोमध चीर देऊन दोन पाती करावीत, एक पुढे आणि एक मागे दुमडावी, खालचा भाग अरुंद घडी घालून त्याला कागदाची टाचपिन लावावी. उंचावरून सोडली की ती पळसाच्या शेंगेसारखी गरगर फिरत उतरते. आता प्रश्नांना अंत नाही. पाती उलट दिशेला दुमडली तर फिरण्याची दिशा बदलते का? पाती आखूड केली तर ती लवकर पडते की उशिरा? दोन टाचपिना लावल्या तर? येथे एक नियम कटाक्षाने पाळला पाहिजे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे. पाती आणि टाचपिना दोन्ही एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळणार नाही. हा नियम भिंगरीपुरता नाही. औषधाचा गुण, खताचा परिणाम, बियाण्याची निवड या साऱ्याच्या मुळाशी तोच आहे. तलासरीच्या शेतकऱ्याच्या मुलाला तो दहाव्या वर्षी कळला, तर आयुष्यभर कामाला येईल.

चौथा प्रयोग मोठ्या मुलांसाठी. जुन्या वृत्तपत्रातून २० सें.मी. व्यासाचे पाच सारखे गोल कापावेत. प्रत्येकाचा चौथा भाग काढून टाकावा आणि कडा खळीने चिकटवून पाच सारखे शंकू करावेत. चार शंकू एकमेकांत घालून एक चौपट जड शंकू तयार होतो, पण आकार तोच राहतो. आता मुलांना विचारावे: चौपट जड शंकू चौपट वेगाने पडेल का? एकटा शंकू दीड मीटरवरून आणि चौपदरी शंकू तीन मीटरवरून, दोघांची टोके खाली ठेवून, एकाच क्षणी सोडावा. दोघे जवळजवळ एकाच वेळी जमिनीला टेकतात! म्हणजे वजन चौपट झाले, तरी वेग दुप्पटच झाला. कारण वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. हा वर्गाचा नियम महाविद्यालयातील पुस्तकात समीकरणाच्या रूपाने भेटतो. येथे तो वृत्तपत्राच्या रद्दीत सापडतो. बारकाईने पाहणाऱ्या एखाद्या मुलीच्या लक्षात येईल की जड शंकू किंचित उशिरा टेकला. तिला शाबासकी द्यावी आणि कारणही शोधायला लावावे: जड शंकूला आपला स्थिर वेग गाठायला अधिक वेळ लागतो. प्रयोगाचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी तंतोतंत जुळत नाही, तेथेच खरा विद्यार्थी जन्माला येतो.

आणि शेवटी हवाई छत्री. पतंगाच्या कागदाचा चौकोन, चार दोरे, एक खडा. ती डोलू लागली, कलंडू लागली, तर मधोमध एक लहानसे भोक पाडावे. कोंडलेल्या हवेला वाट मिळते आणि छत्री स्थिर उतरते. ‘भोक पाडल्यावर ती लवकर पडायला हवी, मग नीट कशी उतरली?’ असे मुलांनी विचारले, तर तास सत्कारणी लागला असे समजावे.

एक सूचना येथे केली पाहिजे. डहाणूच्या किनारपट्टीवर दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. हे सारे प्रयोग सकाळी, बंद खिडक्यांच्या खोलीत करावेत. दुपारचा वारा मात्र वाया घालवू नये. तो पतंगासाठी राखून ठेवावा. तलासरी गुजरातच्या सीमेवर आहे. संक्रांतीला तेथील आकाश पतंगांनी भरून जाते. पतंगावर त्याचे वजन, दोऱ्याचा ताण आणि वाऱ्याचा जोर ही तिन्ही बले एकाच वेळी काम करत असतात. पतंग उडवणाऱ्या मुलाला हाताच्या बोटांनी ती आधीच ठाऊक असतात, फक्त त्यांची नावे सांगायची बाकी असते.

शब्द नंतर, अनुभव आधी

नावे सांगण्याचा हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या वर्गांत आधी शब्द येतो, मग व्याख्या, मग उदाहरण, आणि वेळ उरला तर प्रयोग. वारली मुलाच्या बाबतीत हा क्रम दुप्पट घातक ठरतो. घरी तो आपल्या बोलीत बोलतो. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी त्याला शिकावी लागते, आणि ‘हवेचा रोध’, ‘गुरुत्वाकर्षण’, ‘त्वरण’ हे शब्द तर त्याच्या दृष्टीने तिसरीच भाषा असतात. हवा कागदाला अडवते, ही गोष्ट मुलाने आधी आपल्या बोलीत सांगू द्यावी. ती त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आली की पारिभाषिक शब्द हा एका ओळखीच्या वस्तूचे नवे नाव होतो, ओझे राहत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मातृभाषेतून आणि कृतीतून शिक्षणाचा आग्रह धरते. तो आग्रह कागदावरच राहू द्यायचा नसेल, तर त्याची सुरुवात अशा एका तासापासून होऊ शकते.

अशा शिक्षणाचे प्रयत्न आपल्या देशात झालेले नाहीत असे नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो शेकडो शाळांत पसरला. गावातल्या मुलांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत, निरीक्षणे लिहावीत आणि परीक्षेतही पुस्तक उघडे असावे, अशी त्याची रचना होती. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. त्या कार्यक्रमातून प्रेरणा घेतलेले अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रातून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांद्वारे विज्ञान लाखो मुलांपर्यंत नेले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. या दोन घटनांतून निघणारा बोध स्पष्ट आहे. शासनाची योजना शासनाच्या सहीने बंद पडू शकते. एखाद्या शिक्षकाच्या हाताला लागलेले वळण मात्र कोणत्याही आदेशाने बंद पाडता येत नाही.

अभिमान आणि प्रयोग

येथे एका नाजूक विषयाला स्पर्श करणे भाग आहे. प्राचीन भारतीय ज्ञानपरंपरेचा अभिमान मुलांच्या मनात जागवला पाहिजे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख केला, हे महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक असलेच पाहिजे. परंतु अभिमान हा प्रयोगाला पर्याय म्हणून दिला जाऊ लागला, तर तो त्या पूर्वजांचाच अपमान होतो. भास्कराचार्य आयुष्यभर गणित करीत होते, वेध घेत होते, आपल्या पूर्वसूरींची गणिते तपासून पाहत होते. त्यांचा वारस तोच, जो स्वतः तपासून पाहतो.

विमानविद्येच्या बाबतीत तर हे विशेष काळजीने सांगितले पाहिजे. ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी करून १९७४ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असे त्यांनी सप्रमाण दाखवले. ते शास्त्रज्ञ भारतीयच होते आणि संस्थाही भारतीयच. पुष्पक विमान ही आपल्या महाकाव्यातील भव्य कल्पना आहे. ती कल्पना म्हणूनच मुलांना सांगावी, त्यांचे डोळे विस्फारू द्यावेत, आणि नंतर हातात कागद द्यावा. ‘पूर्वी आपल्याकडे सारे होते’ एवढे ऐकून वाढलेल्या मुलाला स्वतः काही शोधण्याचे प्रयोजन उरत नाही. भिंगरीची पाती दहा वेळा कापून पाहिलेल्या मुलाला मात्र आपणही काही शोधू शकतो, हा आत्मविश्वास येतो. राष्ट्राला गरज या दुसऱ्या मुलाची आहे.

आणि अभिमानाला जागा नाही असे कोण म्हणेल? २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरला. चंद्रावर हवा नाही, तेथे हवाई छत्रीचा उपयोग शून्य, म्हणून वेग कमी करायला त्याला इंजिने पेटवावी लागली. उलट गगनयानातील अंतराळवीरांना पृथ्वीवर परतायचे आहे आणि येथे हवा आहे. म्हणून त्यांच्या कुपीला तब्बल दहा हवाई छत्र्यांची योजना केली आहे. त्यांतील मुख्य छत्र्यांचा व्यास २५ मीटर असतो. आग्र्याच्या संरक्षण संशोधन संस्थेने त्या विकसित केल्या. २४ ऑगस्ट २०२५ रोजी श्रीहरिकोटाजवळ हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून कुपीची प्रतिकृती सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून सोडून त्यांची चाचणी घेण्यात आली. पतंगाचा कागद आणि खडा घेऊन तलासरीच्या वर्गात मूल जे करते, तेच देशाचे शास्त्रज्ञ करीत होते: उंचावरून सोडायचे, नीट पाहायचे, चुकले तर सुधारायचे. चांद्रयानाला छत्री का नव्हती आणि गगनयानाला का आहे, हे ज्या मुलाला कळले, त्याचा अभिमान घोषणेपुरता राहत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

या सूचनेवर आक्षेप येतील. पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पूर्ण करायचा, परीक्षा घ्यायच्या, सर्वेक्षणे करायची, मग खेळायला वेळ कुठला? परंतु बलाचा पाठ शिकवायला जे तीन-चार तास लागतात, त्यांतील दोन कागदाला दिले तर उरलेले काम निम्म्या वेळात होते. कारण मुलांना पाठांतर करावे लागत नाही, आठवावे लागते.

दुसरा आक्षेप शिक्षक मोकळेपणाने बोलून दाखवणार नाहीत, पण तोच खरा आहे. मुलांनी असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर गुरुजींना ठाऊक नाही, तर? पुस्तक वाचून दाखवण्यात हा धोका नसतो. प्रयोगात तो पदोपदी असतो. याचे उत्तर एकच: ‘मलाही ठाऊक नाही, आपण करून पाहू,’ हे वाक्य. हे म्हणणारा शिक्षक मुलांच्या नजरेत लहान होत नाही. उलट माहीत नसणे ही लाज नसून शोधाची सुरुवात असते, हे मुले त्याच्याकडूनच शिकतात. शिक्षक-प्रशिक्षणात आपण शिक्षकाला हजार गोष्टी सांगतो. हे एक वाक्य म्हणण्याचे धैर्य मात्र त्याला कोणी देत नाही.

तिसरा प्रश्न वनवासी भागाचा नाही, तो शहरातल्या सुशिक्षित घरांचा आहे. ठाणे-डोंबिवली-पुण्यातील मध्यमवर्गीय पालक मुलासाठी दुकानातून तयार ‘सायन्स किट’ आणतात, आदल्या रात्री स्वतः बसून ‘प्रोजेक्ट’ पूर्ण करतात आणि सकाळी मुलाच्या हातात देतात. मुलाच्या वाट्याला त्यातून केवळ गुण येतात. कात्री चालवताना वाकडे कापले जाणे, भिंगरी न फिरणे, चिडणे आणि पुन्हा कापणे, हे शिक्षणाचे सारे टप्पे पालकच जगून मोकळे होतात. साहित्याचा अभाव हे पाड्यावरच्या मुलाचे दुर्दैव असेल, तर साहित्याचा अतिरेक हे शहरी मुलाचे आहे. दोघांनाही एकच औषध लागू पडते: कोरा कागद आणि मोठ्यांचे हात पाठीमागे.

काय करता येईल?

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. डहाणू-तलासरीच्या प्रत्येक शाळेने आठवड्यातून एक तास प्रयोगाचा ठेवावा, त्याला गुण नसावेत आणि त्याचे छायाचित्र वरिष्ठांना पाठवण्याची सक्तीही नसावी. वसतिगृहांतून संध्याकाळी शिकवायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी गणित-इंग्रजीच्या उजळणीसोबत महिन्यातून एक संध्याकाळ कागद-कात्रीला द्यावी. सेवाकार्यासाठी शहरातून वनवासी भागात जाणाऱ्या कुटुंबांनी खाऊ आणि जुने कपडे नेताना आपली मुलेही सोबत न्यावीत. डहाणूच्या मुलाने टेटूची बी दाखवावी, पुण्याच्या मुलाने भिंगरी कापून दाखवावी आणि दोघांनी मिळून ओट्यावरून ती सोडावी. यात कोणी दाता नाही, कोणी याचक नाही. समरसता याहून वेगळी काय असते?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलांच्या चुकलेल्या अंदाजांना शिक्षा होऊ नये. ‘आधी जड पडेल’ असे म्हणणाऱ्या मुलाला हसणे सोपे आहे. परंतु युरोपातील विद्वान जवळजवळ दोन हजार वर्षे तेच मानत होते. जड वस्तू वेगाने पडते हे ॲरिस्टॉटलचे मत त्यांनी प्रमाण मानले, आणि गॅलिलिओने करून पाहण्याचा आग्रह धरेपर्यंत ते टिकून राहिले. दहा वर्षांच्या वारली मुलाने वहीचा कागद हातातून सोडून एका तासात तो प्रवास पूर्ण केला, तर त्याच्या बुद्धीबद्दल कोणाला शंका उरेल?

ताराबाई आणि अनुताईंनी कोसबाडच्या टेकडीवर साहित्य नव्हते म्हणून काम थांबवले नाही. आजच्या शाळांत कागद आहे, कात्री आहे, रानात बिया आहेत, समुद्रावरून वारा येतो आहे. उणीव आहे ती, उत्तर ओठावर आलेले असताना क्षणभर थांबून ‘तुला काय वाटते?’ असे मुलाला विचारणाऱ्या मोठ्या माणसांची. तेवढे थांबणे शिक्षक, पालक आणि कार्यकर्ता यांना साधले, तर डहाणू-तलासरीतील मुलांच्या विज्ञानाला अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही.